चाळीस मिनिटांचे लॉक

मंगळवार, ११ मार्च, सकाळचे सात वाजून बारा मिनिटे. आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या वरच्या फलाटावर मी गाडीची वाट पाहत उभी असताना मरायके यांचा संदेश आला: मॅल्कम पहाटे गेला, झोपेत, त्रास झाला नाही. तुमच्या पत्नीने तीन तुकड्यांत सगळे सांगून टाकले होते. माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता, मॅल्कम. तो असा होता: आता दुरुस्ती कोण करणार?

गेलेल्या माणसाविषयी चांगले बोलावे, अशी अपेक्षा असते. जिथे ते खरे असेल तिथे मी बोलेन. इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, म्हणून मीही तुम्हाला 'मॅल्कम' म्हणत आले. पण मराठीत लिहिताना, मनात एवढा राग असूनही, तुम्हाला 'तू' म्हणणे मला जमत नाही. हे संस्कार असतील किंवा सवय. फरक तपासण्याची सोय नाही.

लंडनच्या एका वर्तमानपत्राने तुम्हाला अर्धे पान दिले. जन्म, शाळा, पुस्तकांची संख्या, आणि ज्याचे हक्क विकले गेले पण जो कधीच निघाला नाही तो चित्रपट, सगळे त्यात आहे. तुम्ही मला सांगितले होते ते मात्र नाही: इंग्लंडमधल्या एका बंदरातल्या विमा कचेरीत, जहाज का बुडाले याचे अहवाल लिहिता लिहिता, तुमच्या लक्षात आले की अहवालाच्या तिसऱ्या ओळीपासून कोणीतरी खोटे बोलू लागतो. त्या एका शोधावर तुम्ही तीसहून अधिक वर्षे थरारकादंबऱ्या लिहिल्यात. विमानतळावरच्या प्रत्येक दुकानात तुमचा विमा-तपासनीस बार्लो ठाण मांडून बसलेला असे. मग दुकानातला खण आखडला, मग खालच्या फळीवर गेला, मग दिसेनासा झाला. "मी साहित्यिक नाही, डॉक्टर, मी वेळापत्रक आहे," असे तुम्ही म्हणत असा, "दर शरद ऋतूत एक गाडी सोडायची. कोणी चढो न चढो."

त्या अर्ध्या पानाच्या शेवटी लिहिले आहे की तुमची पात्रे ठोकळेबाज असली तरी तांत्रिक तपशील निर्दोष असत. 'निर्दोष' हा शब्द मी दोनदा वाचला आणि पान मिटले.

आपली ओळख पाण्यामुळे झाली. मी एनस्खेडेच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होते; 'डॉक्टर' ही तुमची हाक तिथलीच. माझा विषय कालव्यांवरची लॉक. दोन प्रचंड दरवाजांमध्ये एक हौद असतो. त्यात पाणी भरले की बोट खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर येते. हे पाणी किती वेगाने, किती खळबळ करत भरते, हे मी मोजत असे. तुम्ही विभागाला ईमेल पाठवली होती आणि ती कोणालाच नको होती म्हणून सर्वांत लहान असलेल्या माझ्याकडे ढकलली गेली. प्रश्न असा होता: एक माणूस रिकाम्या लॉकच्या तळाशी, भिंतीतल्या शिडीला अडकला आहे. पाणी सोडले. त्याच्याजवळ किती वेळ आहे?

मी दोन पाने उत्तर लिहिले. गृहीतके, झडपांचे आकार, पातळीतला फरक, आणि शेवटी विचारले की माणसाची उंची दिलेली नाही. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. आवाज खरखरीत, स्वर अत्यंत विनयशील. "तुम्हाला किती उंचीचा माणूस हवाय? मी बनवून देतो."

मी हसले. इतक्या महिन्यांत प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा हसले होते, हे तेव्हा मी तुम्हाला सांगितले नाही. आता नोंदवून ठेवते.

मग मला रॉटरडॅममध्ये नोकरी लागली आणि शनिवारची दुपार तुमच्याकडे जाऊ लागली. नदीकडे तोंड असलेले तुमचे टेबल, मरायके यांचे मोहरीचे सूप, तुमचा तो दूध घातलेला कडक चहा. आपली कामाची पद्धत ठरून गेली होती. तुम्ही परिच्छेद लिहीत असा आणि आकड्याच्या जागी रिकामी चौकट सोडत असा. मी चौकट भरत असे, पण एकटा आकडा कधीच देत नसे. त्याच्यापुढे कमी-अधिक किती, हेही लिहीत असे. तुम्ही ते 'कमी-अधिक' दर वेळी खोडत असा. का, असे विचारल्यावर तुम्ही म्हणालात की खलनायक 'साधारणपणे' असे म्हणून बंदूक रोखत नाही. मी म्हणाले की बंदूक नेम चुकवू शकते, आकड्यालाही तेवढा हक्क असावा. मरायके स्वयंपाकघरातून ओरडल्या की सूप साधारणपणे गार झाले आहे.

तुम्ही मला लिहायला शिकवलेत, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या प्रबंधाची प्रस्तावना तुम्ही मागून घेतलीत आणि पहिली तीन पाने फाडून बाजूला ठेवलीत. तिथे बसलेली मी रडकुंडीला आले होते. तुम्ही चौथ्या पानावर बोट ठेवून म्हणालात, "इथे पाणी यायला लागतं. याच्या आधी तू फक्त शिष्टाचार पाळत होतीस." परीक्षकांनी त्याच प्रस्तावनेचे कौतुक केले. आजही मी अहवाल लिहिते तेव्हा चौथे पान शोधते. जे मिळाले ते मिळाले. पण त्यामुळे पुढचे माफ होत नाही. दोन्ही राशी वेगळ्या आहेत आणि त्यांची वजाबाकी करता येत नाही.

आता त्या लॉकच्या पुस्तकाकडे येते. ट्वेंटे कालव्यावरच्या ज्या लॉकचा नमुना तुम्ही घेतला होता, ते भरायला लागणारा वेळ मी तुम्हाला दिला: चौदा मिनिटे, कमी-अधिक एक. (बार्लोची बेडी पाण्याबरोबर शिडीवर वर सरकते, पण काठाच्या जरा खाली अडते; म्हणजे लॉक भरेपर्यंतच त्याचा वेळ.) छापलेल्या पुस्तकात तो चाळीस मिनिटे झाला. मला हे कच्च्या प्रतीतच दिसले होते. मी सांगितले. तुम्ही म्हणालात की तिथे संवाद आहे, बार्लो तळाशी आणि त्याचा जुना वरिष्ठ काठावर, आणि तो संवाद चौदा मिनिटांत मावत नाही. मी म्हणाले, मग माणूस उंच करा, लॉक खोल करा, झडप अर्धी बिघडवा. मी गणित नव्याने करून देते. तुम्ही हात झटकलात. "कोण मोजणार आहे, डॉक्टर?"

नेदरलँड्समध्ये, मॅल्कम. हा प्रश्न तुम्ही नेदरलँड्समध्ये विचारलात.

प्रकाशनाच्या संध्याकाळी रॉटरडॅमच्या त्या पुस्तकांच्या दुकानात साठेक माणसे होती. मी तिसऱ्या रांगेत होते. तुम्ही वाचून संपवताच एक निवृत्त अभियंता उभे राहिले आणि या देशाच्या सरळपणाने, नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले की ते लॉक पाव तासाच्या आत भरते, चाळीस मिनिटे म्हणजे मूर्खपणा आहे. सभागृह तुमच्याकडे पाहू लागले. आणि तुम्ही हसलात. पुस्तकांत ऋणनिर्देश करताना एक साधा शिष्टाचार असतो, मदत करणाऱ्यांचे आभार मानायचे आणि शेवटी लिहायचे की उरलेल्या चुका माझ्या. तुम्ही शेवटचे पान उघडलेत आणि मोठ्याने वाचलेत: "पाण्याची सर्व गणिते डॉ. गौरी यांची. चुका आढळल्यास त्याही त्यांच्याच." मग तिसऱ्या रांगेकडे हात केलात. "ती बघा, तिथे बसली आहे."

लोक खळखळून हसले. साठ माना वळल्या. तुमच्या चेहऱ्यावर वात्सल्य होते. ते मी स्पष्ट पाहिले आणि त्यामुळेच उठून काही बोलू शकले नाही. तुम्ही मला भेट देत होतात, अशी तुमची प्रामाणिक समजूत होती.

त्याची चित्रफीत कोणीतरी इंटरनेटवर टाकली. आमचे क्षेत्र लहान आहे. लॉकवर काम करणारी माणसे एका मोठ्या जेवणाच्या टेबलाभोवती मावतील. बैठकीत मी एखादा अंदाज मांडला की कोणीतरी हळूच विचारी, गौरीची मिनिटे की नेहमीची? रॉटरडॅमच्या गणेशोत्सवात पुण्याचा एक आयटीवाला प्रसाद वाटता वाटता म्हणाला, "अरे, ह्याच त्या! मॅडम, आरती किती वेळात संपेल ते तेवढं सांगा, म्हणजे तीननं भागतो." तोही प्रेमाने. त्या वर्षी गटप्रमुखाच्या जागेसाठी मुलाखत झाली आणि तिथेही शेवटचा प्रश्न, हसत हसत, तोच होता. जागा मला मिळाली नाही. एका निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मला कळते. म्हणून मी तुमच्यावर तो आरोप कधी केला नाही. पण प्रश्न विचारला गेला होता, हे निरीक्षण आहे, अनुमान नव्हे.

पुण्यात माझ्या आईने त्या पुस्तकाच्या चार प्रती मागवल्या. ती निवृत्त शिक्षिका. शेवटच्या पानाला तिने कागदाची खूण लावून ठेवली आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते पान दाखवते. मी फोनवर म्हटले, आई, त्या वाक्यात ते माझ्यावर चूक ढकलतायत. ती म्हणाली, "अगं, गोऱ्यांचा विनोद असतो तसा. नाव आलंय ना छापून? तुझ्या प्रबंधाचीही प्रत आहे माझ्याकडे, पण ती कोणी मागत नाही गं."

मी तुमच्याकडे फार मागितले नव्हते. पेपरबॅक निघेल तेव्हा एकतर आकडा बदला, नाहीतर ते वाक्य. तुम्ही हो म्हणालात. पेपरबॅक आले, जसेच्या तसे. त्या शनिवारी मी सूप घेतले नाही. तुम्ही म्हणालात की प्रकाशकाला घाई होती, पुढच्या आवृत्तीत नक्की, आणि शिवाय, "गौरी, ते पुस्तक आहे. पूल नाही. कोणी त्यावरून खाली पडणार नाही."

मी म्हणाले, "त्या पुस्तकात बार्लो खोटा आहे, खून खोटा आहे, पाणी खोटं आहे. माझं नाव तेवढं खरं आहे, मॅल्कम. आणि ते तुम्ही खोट्याच्या तळाशी बांधून ठेवलंत."

तुम्ही पेन खाली ठेवलेत. मला वाटले, आता काहीतरी खरे बोलाल. तुम्ही म्हणालात, "हे वाक्य चांगलं आहे. वापरू का?"

मी जॅकेट घातले आणि निघाले. त्यानंतर दीड वर्ष आपण भेटलो नाही. तुम्ही आजारी असल्याचे मला दुसऱ्यांकडून कळले, आणि फुप्फुसांचे आहे हे त्याहून उशिरा. जानेवारीत तुमचा एक परिच्छेद आला, जुन्या पद्धतीने, मध्ये रिकामी चौकट सोडलेला: बार्लो गोठलेल्या कालव्याखाली आहे आणि त्याच्याजवळ इतकी मिनिटे आहेत. खाली लिहिले होते, 'घाई नाही.' त्या जुन्या वाक्याविषयी एक अक्षर नव्हते. मी चौकट भरली नाही. याबद्दल मला अपराधी वाटावे, असे बऱ्याच जणांना वाटते. मला वाटत नाही. तुम्हाला आकडा हवा होता आणि मला दुरुस्ती. आपण दोघेही शेवटपर्यंत एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत राहिलो. तुमच्याजवळ वेळ कमी होता, हे तुम्हाला ठाऊक होते. तुम्ही ते मला सांगायला हवे होते. हेही तुमच्याच खात्यावर मांडते.

अंत्यविधीला मी गेले. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे वेळेवर सुरू झाले आणि वेळेवर संपले. मग कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. इंग्लंडहून आलेल्या तुमच्या पुतण्याने बार्लोच्या शैलीत भाषण केले. लंडनच्या तुमच्या संपादिकाबाई कप हातात धरून माझ्याजवळ आल्या. "तुमचं नाव ऐकून आहे, गौरी," म्हणाल्या. "मॅल्कम तुम्हाला 'माझी डॉक्टर' म्हणायचा. अपूर्ण कादंबरी दुसऱ्या कोणाकडून पूर्ण करून घ्यायची आहे, पाण्याचा भाग तुम्ही तपासाल का? त्या निमित्तानं लॉकच्या पुस्तकाचीही नवी आवृत्ती निघेल."

मी विचारले, मॅल्कमनी त्या पुस्तकातली एखादी दुरुस्ती कळवली होती का?

त्या प्रामाणिकपणे आठवू लागल्या. नाही, त्यांनी सांगितले. कधीच नाही. मी सगळे समजावल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला. गेलेल्या लेखकाच्या मजकुरात आम्ही हात घालत नाही, त्या म्हणाल्या, त्याच्या पत्नीने लेखी सांगितले तरच.

म्हणून दहा दिवसांनी, दुपारी, मी मरायके यांच्याकडे गेले. तुमचे टेबल रिकामे होते, पण खुर्ची अजून नदीकडे वळलेली होती. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि डच माणसे देतात तसे थेट उत्तर दिले. "तो विसरला नव्हता. त्याला करायचंच नव्हतं."

कारणही त्यांनी आपणहून सांगितले. तुमची पुस्तके त्यांनी कधी पूर्ण वाचली नव्हती; हे तुम्हीच सगळ्यांना अभिमानाने सांगत असा. त्यांनी वाचला होता फक्त तो एक संवाद. तीन हिवाळे तुम्ही तो लिहीत होतात. "बाकीचं तो विकायला लिहायचा. हे त्यानं लिहिलं. चाळीसचे चौदा केले तर संवाद त्यात मावणार नाही, असं म्हणायचा. आणि तुझं नाव, गौरी, त्यानं इतक्या वर्षांत कुठल्याही पुस्तकात कोणाचंच नाव घातलं नव्हतं. माझंसुद्धा नाही."

मॅल्कम, तो संवाद मी नंतर अनेकदा वाचला आहे. कोणी धमकावत नाही, कोणी विनवत नाही. काठावरचा म्हातारा तळाशी अडकलेल्या माणसाला, ज्याला त्याने स्वतः हे काम शिकवले, सांगत राहतो की त्याला का विकले. "तू माझ्यावर विश्वास ठेवलास, ते मला कधीच आवडलं नाही, बार्लो. त्यामुळे मला फार काम पडलं." पाणी चढत असते आणि दोघेही त्याचा उल्लेख करत नाहीत. ते उत्तम आहे. वाईट असते तर मी तुम्हाला केव्हाच सोडून दिले असते.

मी मरायके यांना विचारले, "मावणार नाही, हे त्यांनी मोजलं होतं?"

"मॅल्कमनं?" त्या पहिल्यांदा हसल्या. "मॅल्कम अंडंसुद्धा घड्याळ लावून उकडत नसे."

मीही मोजले नव्हते. तुम्ही 'मावत नाही' म्हणालात आणि मी पाण्याचे गणित सोडून शब्दांचे गणित तपासायचे मनातही आणले नाही. ते तुमचे खाते होते. इतक्या शनिवारांत आपल्या दोघांपैकी एकानेही ती पाने मोठ्याने वाचून पाहिली नाहीत.

मरायके उठल्या आणि दोन प्रती घेऊन आल्या. "बस इथं. मी म्हातारा, तू बार्लो. संवाद मावला तर मी लंडनला लिहिते, आकडा बदला आणि ते वाक्य सरळ करा, चुका मॅल्कमच्या. नाही मावला तर तुझं नाव काढून टाकू, आणि हा विषय माझ्या घरात पुन्हा नको."

नाव काढून टाकण्याचा उपाय मला आधी सुचला नव्हता असे नाही. पण तो त्यांच्या तोंडून ऐकल्यावर आत जी कळ उठली, तिचे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मी मान्य केले. मर्यादाही सर्वांत प्रतिकूल घेतली: चौदातून एक वजा, म्हणजे तेरा मिनिटे. त्याच्या आत संवाद संपला तर संपला.

मरायके सावकाश वाचत होत्या. परक्या भाषेतले प्रत्येक वाक्य त्या नीट खाली ठेवत होत्या, आणि तुम्ही जिथे जिथे शांतता लिहिली होती तिथे खरोखर थांबत होत्या. मी त्यांना घाई केली नाही. 'त्यामुळे मला फार काम पडलं' या वाक्यापाशी त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, ओळ शोधली. तो वेळही मी वजा केला नाही. बार्लोची वाक्ये जशी छापली आहेत तशी मी वाचली. त्यात माझे काही मिसळले असेल तर ते मोजता येण्यासारखे नव्हते. शेवटचे वाक्य बार्लोचे, म्हणजे माझे होते. ते म्हणून मी घड्याळ थांबवले आणि आकडा मरायके यांच्यासमोर धरला.

अकरा मिनिटे, बावन्न सेकंद.